छिद्रांचा हिशेब : प्रस्तावना

चैत्र लागला की माठ घेणारे गिऱ्हाईक दोन परीक्षा करते. बाजारात बोटाच्या पेराने माठ वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर तडा नाही. घरी आणून पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी माठाच्या अंगावरून हात फिरवते. अंग ओलसर लागले तर माठ चांगला. कोरडे राहिले तर पाणी गार होणार नाही आणि माठ परत जाणार. पहिली परीक्षा मातीची. दुसरी परीक्षा मातीच्या कणांमध्ये राहिलेल्या रिकाम्या जागेची, आणि हे सगळे पुस्तक त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

भाजलेल्या मातीत, तसेच ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, कॉर्डिएराइट यांसारख्या तिच्या कारखान्यात जन्मलेल्या भावंडांत छिद्रे कशी ठेवायची, किती ठेवायची, केवढी ठेवायची, ती एकमेकांना जोडलेली हवीत की सुटी, आणि त्यांच्याकडून काय काम करून घ्यायचे, एवढा सच्छिद्र सिरॅमिकचा विषय आहे. मराठीत कुंभारकामावर जे लिहिले गेले ते बहुधा कला, जात आणि लोकजीवन या अंगांनी. मडक्याचा पदार्थ म्हणून विचार करणारे लिखाण शोधावे लागते. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो विचार आहे, पण तिथे मडके नाही. या दोन कप्प्यांमधली भिंत पाडावी, निदान तिला पाझर फोडावा, या हेतूने हे पुस्तक लिहिले गेले.

कारंजा (घाडगे) हे गाव या विषयाचे केंद्र आहे असा दावा कुणी करणार नाही. (वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड वेगळे, टपाल आणि पाहुणे दोन्ही अधूनमधून चुकतात.) नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे वर्धा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन आणि आर्वी-आष्टीकडे पसरलेल्या संत्र्याच्या बागा. खाली दख्खनचा बेसॉल्ट, वर काळी माती. तरी विषय समजून घ्यायला अशीच जागा बरी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, प्यायच्या पाण्याचा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो, बागेला पाणी मोजून द्यावे लागते आणि महामार्गावरून डिझेल गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू असते. या चारही गोष्टींशी छिद्र असलेल्या मातीचा थेट संबंध आहे.

सिरॅमिक उद्योगाचा गेल्या तीनशे वर्षांतला मुख्य ओघ मात्र छिद्रे बुजवण्याकडे होता, हे आधी सांगायला हवे. १७१० साली जर्मनीत माइसेनला पोर्सेलिनचा कारखाना निघाला, तेव्हापासून युरोपात प्रतिष्ठा मिळाली ती घट्ट, काचेसारख्या, पाणी न शोषणाऱ्या मालाला. लोणच्याची बरणी, विजेच्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर, मोरबीची व्हिट्रिफाइड फरशी ही सगळी त्याच वंशातली. व्हिट्रिफाइड फरशीने वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषू नये असा दंडक आहे. साधे लाल मडके सहज दहा-पंधरा टक्के शोषते. या मोजपट्टीवर मडके नापास होणारच. सच्छिद्र माल म्हणजे कच्चा माल, भाजणीत कमी पडलेला, गरिबाघरचा, अशी समजूत त्यातून रुजली. आमच्या मते ती मोजपट्टीच चुकीच्या मालाला लावली गेली.

माठाचे शास्त्र शाळेत शिकवतात, त्याची आकडेमोड सहसा कुणी करून दाखवत नाही. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जाते. तेवढ्यात सुमारे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होते. म्हणजे १० लिटरच्या माठातले पाणी १० अंशांनी उतरवायला हिशेबाने फुलपात्रभर पाणी उडाले तरी पुरे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून जास्त लागते. पण कितीही पाणी उडाले तरी माठ एका मर्यादेखाली जाऊ शकत नाही आणि ती मर्यादा हवा ठरवते. मे महिन्यात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३-२४ अंशांवर थांबतो; माठाची धाव तिथवरच. कोकणात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच तापमापक २९च्या आसपास अडतो. रत्नागिरीच्या माणसाला वऱ्हाडातल्या माठाचे कौतुक अतिशयोक्त वाटते. त्यात त्याच्या कुंभाराचा दोष काही नाही.

उरलेले सगळे छिद्रांवर आहे. ती फार बारीक किंवा आतल्या आत बंद असली तर माठ घामत नाही. फार मोठी असली तर माठ गळतो. विहिरी-बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांच्या तोंडाशी साठत जातात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत चांगला माठही गार करेनासा होतो. दर वर्षी नवा माठ घेण्याच्या रिवाजामागे हे एक कारण आहे, आणि ते कुंभाराच्या फायद्याचेही आहे.

आता ही छिद्रे येतात कुठून. कपाशीची काळी माती एकटी कुंभाराच्या कामाची नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तडकते. म्हणून तळ्या-नाल्याचा गाळ घ्यायचा, चाळून खडे आणि विशेषतः चुनखडीचे कण काढायचे, कारण भाजल्यावर चुनखडीचा कण हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भिंतीचा टवका उडवतो. मग त्यात वाळू, राख आणि घोड्या-गाढवाची लीद मळायची. ही लीद दोन कामे करते. वाळताना मातीला आतून मोकळे ठेवते, त्यामुळे भांडे तडकत नाही. आव्यात ती जळून जाते आणि जिथे होती तिथे पोकळी सोडून जाते. आव्याचा ताव साधारण सातशे-आठशे अंशांचा. तेवढ्यात मातीचे कण जिथे टेकलेले असतात तिथे एकमेकांना धरतात, पण वितळून मधली जागा भरत नाहीत. आच हजार-अकराशेच्या पुढे गेली की मातीचा काही भाग काचेसारखा पातळ होऊन छिद्रांत शिरतो. आवा कुठे थांबवायचा हे कुंभार ज्वाळेच्या आणि भांड्याच्या रंगावरून ठरवतो. आज प्रयोगशाळेत ज्याला जळून जाणारे छिद्रकारक म्हणतात आणि स्टार्च, मेण किंवा प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्या वापरून जे साधतात, ते तत्त्व लिदीत आहे. फरक आहे तो नेमकेपणाचा. प्रयोगशाळेला कणाचा आकार ठाऊक असतो, लिदीतल्या काडीचा कुणाला नसतो.

ही युक्ती फार जुनी आहे. प्रयागराजजवळ बेलन नदीच्या खोऱ्यातल्या कोल्डिहवा इथे नवाश्मयुगीन खापरांत भाताच्या तुसाचे ठसे सापडले. त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. पण माती मळताना तूस घातले गेले आणि त्याची पोकळी हजारो वर्षे टिकली, यात शंका नाही. धान्य गेले, त्याचे भोक उरले, आणि पुराणवस्तूवाले आता त्या भोकावरून धान्य ओळखतात. आपल्या जवळचे उदाहरण गडचिरोलीपलीकडे तेलंगणात आहे. पालमपेटचे रामप्पा मंदिर १२१३ सालचे, काकतीय काळातले. २०२१मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या शिखरात वापरलेल्या विटा पाण्यावर तरंगतात. एवढी हलकी वीट आतून बहुतांशी पोकळ असल्याशिवाय होत नाही, आणि पोकळी करायची तर मातीत जळून जाणारे काहीतरी भरपूर मिसळावे लागते. शिखराचा भार कमी करायचा म्हणून कुणीतरी हा विचार आठशे वर्षांपूर्वी केला. आजच्या भट्ट्यांना आतून लावतात ती उष्णतारोधक वीट याच कुळातली: लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस घालून केलेली, उष्णता आत कोंडून ठेवणारी. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांपुढे तुसाचे ढीग लागतात, त्यांचा एक चांगला उपयोग या विटांत आहे.

जळून जाणाऱ्या भुशाची ही पहिली परंपरा. दुसरी परंपरा काही न मिसळता, कणांच्या जाडीवर आणि भाजणी कुठे थांबवायची यावर चालते. तिचा इतिहास रोगजंतूंच्या इतिहासात गुंतलेला आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे.

१८८४ साली पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी झिलई न दिलेल्या पोर्सेलिनची नळी केली. तिच्या भिंतीतून पाणी जाई, जीवाणू अडत. पाठोपाठ १८९१च्या सुमारास जर्मनीत बर्केफेल्डचा गाळप आला, डायॅटमाइटचा, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय सांगाड्यांपासून झालेल्या मातीचा. शांबरलाँच्या नळीने पाणी शुद्ध केलेच, शिवाय विज्ञानाला एक नवे प्रकरण दिले. १८८८मध्ये रू आणि येर्सँ यांनी घटसर्पाच्या जंतूंचे द्रावण तिच्यातून गाळले आणि जंतू अडले तरी गाळलेल्या पाण्यात विष उरते हे दाखवले. १८९२मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस गाळला. जीवाणू अडायला हवे होते, तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाडाला रोग झाला. १८९८मध्ये बायेरिंक यांनी निष्कर्ष काढला की जीवाणूपेक्षा वेगळेच काहीतरी त्या छिद्रांतून निसटते आहे. विषाणूंचा शोध असा एका भाजलेल्या नळीच्या छिद्रांच्या आकारातून लागला. मराठी घरांत स्टीलच्या टाकीत बसवलेली पांढरी कँडल शांबरलाँच्या आणि बर्केफेल्डच्या नळ्यांची नात. महिन्याकाठी ती ब्रशने घासायची, म्हणजे छिद्रांची तोंडे मोकळी होतात, एवढे सगळ्यांना माहीत असते.

पुढे या दोन परंपरा एकत्र आल्या. १९८१ साली ग्वाटेमालात फर्नांडो मासारिएगोस यांनी माती आणि भुसा मिसळून कुंडीच्या आकाराचे गाळपभांडे केले. ते कुंभारच करू शकतील असे होते; नंतर 'पॉटर्स फॉर पीस' या संस्थेने ते देशोदेशी नेले. भांड्याला चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप देतात आणि ताशी साधारण एक ते तीन लिटर पाणी झिरपते की नाही यावर प्रत्येक भांडे पास-नापास करतात. वेग जास्त आला तर भांडे फोडून टाकायचे, कारण कुठेतरी तडा किंवा मोठे भोक आहे. आपल्याकडे भुवनेश्वरच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने लाल माती, वाळू आणि भुसा यांपासून 'टेराफिल' तयार केले. कंबोडियात घरोघर पाहणी झाली तेव्हा अशी भांडी वापरणाऱ्यांत अतिसार लक्षणीय कमी झाला, पण भांडी वापरातून जाण्याचे मोठे कारण निघाले ते फुटणे. छिद्रे वाढली की ताकद घटते हा नियम कुणाला चुकत नाही. १९५३च्या सुमारास ॲल्युमिनावर झालेल्या मोजणीतून तो असा निघाला: सच्छिद्रता दर शेकडा दहाने वाढली की ताकद जवळजवळ निम्मी. या विद्येचा मुख्य पेच हा आहे, आणि बाकीच्या सगळ्या पद्धती त्यातून वाट काढायला जन्मल्या.

त्यांची ओळख इथे धावती देतो. १९६३ साली स्पंजासारखा फोम मातीच्या राबडीत बुडवून, पिळून, वाळवून भाजण्याची पद्धत पेटंट झाली. फोम जळतो आणि त्याची सिरॅमिक प्रतिकृती राहते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वितळलेले लोखंड साच्यात ओतताना मळी अडवायला अशाच जाळ्या बसवतात. राबडीत हवा फेटून फेस करणे, पाण्याचे बर्फ करून त्या स्फटिकांच्या जागी समांतर वाहिन्या मिळवणे, त्रिमितीय छपाई या नंतरच्या वाटा. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॉर्डिएराइटचे पोळे दाबयंत्रातून काढणे साधले आणि गाडीच्या धुरात सिरॅमिक शिरले. १ एप्रिल २०२०पासून देशात भारत स्टेज-६ लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत बहुधा असा गाळप असतो की ज्यात एकाआड एक वाहिन्यांची तोंडे बंद केलेली असतात. धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पार व्हावे लागते आणि काजळी मागे राहते. कारंज्याच्या ढाब्यापुढे नवी गाडी फारसा काळा धूर न ओकता निघून जाते, त्याचे बरेच श्रेय या भिंतीला. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या हायड्रॉक्सिॲपटाइटच्या तुकड्यांतही छिद्रे लागतात, आणि ती शंभर मायक्रॉनहून मोठी, कारण आत हाडाला वाढायचे असते. गाळपाला जे भोक घातक, ते इथे उपकारक.

शेतीतला उपयोग आमच्या भागासाठी जास्त जवळचा. १९०८मध्ये अमेरिकेत बर्टन लिव्हिंग्स्टन यांनी कुंडीतल्या झाडाला सच्छिद्र मातीच्या पेल्यातून पाणी पाजले. माती कोरडी झाली की ती भिंतीतून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. झाड आपले पाणी आपण घेते. मडके पुरून सिंचन करण्याची ग्रामीण रीत याच तत्त्वावर चालते. १९७०च्या दशकात कर्नालच्या क्षारयुक्त जमिनीच्या संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी तिच्यावर पद्धतशीर प्रयोग केले. मडक्याऐवजी पेला, त्याला पाण्याची नळी आणि वर निर्वातमापक जोडला की टेन्सिओमीटर होतो: जमीन किती जोराने पाणी ओढते आहे ते तो सांगतो. संत्र्याच्या बागेत बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, तेव्हा ताण पुरेसा झाला की नाही हे पानाच्या रंगावरून ओळखले जाते. तिथे हे साधन लावावे असा मोह होतो. पण सुमारे ८० सेंटिबारच्या पुढे पेल्याच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि काटा खोटे बोलू लागतो. खोल काळ्या जमिनीतला ताण त्यापलीकडे जातो. ताण मोडल्यावर पाणी केव्हा आणि किती द्यायचे, यासाठी मात्र ते चांगले.

मर्यादांचे बोलणे निघालेच आहे, तर सगळ्यांत धोकादायक गैरसमज इथेच काढतो. मातीचा गाळप जीवाणू अडवतो, विरघळलेले क्षार अडवत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. ते कँडलमधून जसेच्या तसे पार होते. त्यासाठी नागपूरच्या 'नीरी'ने बसवलेली तुरटी-चुन्याची 'नलगोंडा' पद्धत किंवा सक्रिय ॲल्युमिना वापरावे लागते. गंमत अशी की हे ॲल्युमिनाही सच्छिद्रच. पण तिथे भोकांची चाळणी कामाला येत नाही, भोकांच्या भिंतींचा पृष्ठभाग कामाला येतो. एका ग्रॅममध्ये दोनशे चौरस मीटरच्या आसपास. गाळपाचे एक छायाचित्र दाखवून सगळे पाणी शुद्ध करण्याचे आश्वासन देणारी पत्रके हल्ली फिरतात, म्हणून हे ठासून सांगितले.

वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ग्रामीण उद्योगांचा विज्ञानाने विचार करण्याची परंपरा इथे जुनी आहे. १९३४मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, कुमारप्पांनी तो चालवला. १९३८च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघात कुंभारांच्या प्रशिक्षणाला आयुष्य दिले. १९७६मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने चाकावर घडवलेले, एकात एक बसणारे मातीचे पोकळ शंकू जोडून छत उभारून दाखवले. छिद्रे सूक्ष्मच असली पाहिजेत असे नाही, भांड्याएवढी पोकळीही घर गार ठेवते. मगनवाडीतच २००८मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आली. या सगळ्या कामाबद्दल आदर ठेवूनही एक मत मांडतो. कुंभार हा इथे मुख्यतः रोजगाराचा प्रश्न राहिला; त्याच्या हातातला पदार्थ हा स्वतंत्र प्रश्न फार थोड्यांनी मानला. त्यामुळे चाक सुधारले, भट्टी सुधारली, पण आव्यातून निघालेल्या मालाची सच्छिद्रता मोजून त्यावर आकडा लिहिण्याची सवय गावोगावी रुजली नाही. ज्या मालाचे काम त्याच्या छिद्रांवर चालते, त्या मालाची छिद्रे न मोजता बाजारात जाणे म्हणजे कापूस न जोखता विकणे.

आणि आता ती सवय लागण्याची वेळ आहे. उन्हाळे लांबत चालले आहेत, भाजीपाला विजेविना चार दिवस टिकवायची गरज वाढते आहे. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा मातीचा फ्रीज किंवा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सुचवलेली विटा-वाळूची शून्य-ऊर्जा शीतकोठी ही त्यावरची उत्तरे आहेत, पण दोन्हींचे यश स्थानिक मातीवर आणि हवेवर ठरते. बाहेरून आलेला तयार नमुना इथल्या गाळात तसाच उतरत नाही. भुशाचे प्रमाण, चाळणीचा नंबर, भाजणीचा वेळ हे इथेच शोधावे लागतील.

हे पुस्तक त्या शोधाची वही म्हणून वापरावे. कुंभारकामाचा वारसा असलेला तरुण, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, बागायतदार आणि विज्ञानशिक्षक असे वाचक डोळ्यांपुढे आहेत. म्हणून प्रयोग शक्यतो तागडी, बादली, घड्याळ आणि चाळण्या यांवर भागवले आहेत. सच्छिद्रता मोजायला तेवढे पुरते: कोरडे वजन, पाण्यात उकळून भिजवल्यावरचे वजन आणि पाण्यात टांगून घेतलेले वजन. भिजलेल्यातून कोरडे वजा करा, भिजलेल्यातून टांगलेले वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा; उघड्या छिद्रांचा हिस्सा मिळतो. बंद छिद्रे यात येत नाहीत, हेही मोजणीच्या प्रकरणात सांगितले आहे. उद्योगातल्या महागड्या पद्धती ओळखीपुरत्या आहेत. कुंभारकामाच्या सौंदर्यशास्त्राला आम्ही हात लावलेला नाही. ते काम करणारे आमच्याहून चांगले लोक आहेत.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण मोजणीचे प्रकरण आधी करावे. कोरडी माती चाळताना आणि भाजलेला माल घासताना नाकातोंडाला मास्क हवाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. घरी केलेल्या गाळपाचे पाणी प्रयोगशाळेत जीवाणूंसाठी तपासून घेतल्याशिवाय कुणालाही प्यायला देऊ नये. तोवर ते झाडांना घालावे.